पायपिटीपासून ट्युशनपर्यंत

मराठवाड्यातल्या आई-बापांनी गेल्या दोन-तीन पिढ्यांत लेकरांसाठी सगळ्यात जिद्दीने काही केलं असेल, तर त्यांची पायपीट कमी केली. आज घरोघरी ‘पोरं जागची हलत नाहीत’ अशी कुरकुर चालते. तिचं एक मूळ या जिद्दीतच आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, तेव्हा इथे शाळा विरळ होत्या आणि मराठी शाळा त्याहून विरळ. पुढं शिकायचं तर चालायचं. घरी आलं की विहिरीचं पाणी, गुरं वळणं, सरपण, कापूस वेचणं. लेकरांचं अंग हलायचं ते कामाने, आणि त्यात गोड वाटावं असं फारसं काही नव्हतं. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या हे सगळं कामातून उरलेल्या वेळात. तालीम पोरांची, पोरींच्या वाट्याला पंचमीचे झोके आणि फुगड्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आई-बापांसोबत लेकरंही उन्हात होती. त्यातून वर आलेल्या माणसाला आपलं पोर पंख्याखाली पुस्तक घेऊन बसलेलं बघून समाधान वाटलं, तर त्यात नवल काय?

सरकारनेही अंतरच कमी केलं. गावोगावी शाळा निघाल्या, मुलींना एसटीचा मोफत पास मिळाला, मानव विकास कार्यक्रमातून बस आणि सायकली आल्या. सातवीनंतर घरी बसणाऱ्या कितीतरी पोरी त्यामुळे दहावीपर्यंत पोचल्या. चालणं कमी झालं म्हणून याला नावं ठेवणाऱ्याने आधी त्या पोरींना विचारावं.

याच ओढीतून परीक्षेसाठी घोटून तयारी करून घेणारा ‘लातूर पॅटर्न’ रुजला. आधी बोर्डाच्या गुणवत्ता याद्या, मग मेडिकलच्या प्रवेश परीक्षा. लातूर, नांदेडमध्ये भाड्याची खोली, मेस आणि क्लास या त्रिकोणात वाढत्या वयाची वर्षं जातात. खेळ आधी नववीत सुटायचा, आता त्याही आधी सुटतो, आणि तो सोडवण्यात घरचाच हात असतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढं हलत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के, मुलांमध्ये ७८. अर्थात दिवाळीच्या सुमाराला बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतल्या, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या लेकराला हे ६० मिनिटांचं गणित लागू करून बघायला कुणी जात नाही.

मुलांच्या हालचालीवर आई-वडिलांचा परिणाम किती, याचा नेहमी दिला जाणारा आकडा अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमचा. चार ते सात वर्षांच्या मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारं यंत्र लावून केलेला हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आई-वडील दोघंही हालते-फिरते असतील, तर मूल तसंच असण्याची शक्यता, दोघंही बसून राहणारे असलेल्या घरातल्या मुलांच्या तुलनेत, ५.८ पट निघाली. पण अभ्यास लहानसा होता, आणि आपल्याकडे शेतात दिवसभर राबणारी आई या अर्थाने ‘सक्रिय’ धरायची का, हा प्रश्न उरतोच. तिला बघून पोरगी शिकते ते बहुधा हेच, की असं राबायचं नाही. शेजाराबद्दल इंग्लंडमधली मोजणी जास्त बोलकी आहे: १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं शाळेत एकटी जात, १९९० मध्ये ९ टक्के. रस्त्यावर गाड्या वाढल्या आणि पालकांनी हात धरला.

आपल्याकडे शेजार बदलताना बघायचा तर किल्लारीच्या पट्ट्यात जावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाआधीची गावं दाट होती. अरुंद बोळ, लागून लागून वाडे, ओट्यावर बसलेली आजी. पोर कुठेही धावलं तरी कुणाच्या तरी नजरेत. पुनर्वसित गावं जुन्यापेक्षा कित्येक पट पसरली. रुंद सरळ रस्ते आले, सुटे सुटे प्लॉट आले, आणि कित्येकांचे शेजारी दुसऱ्याच गल्लीत गेले. धावायला जागा वाढली, लक्ष ठेवणारी नजर मात्र पांगली. नकाशावर मोकळी जागा सोडली की खेळ आपोआप होतो, असं मानणाऱ्यांनी हे बघण्यासारखं आहे.

तीच नजर पोरींना घरात बसवते. वयात आलेली मुलगी चड्डी-टीशर्टवर मैदानात दिसली, की गल्लीत कुजबुज सुरू होते, आणि बाप तयार असला तरी चुलते अडतात. म्हणून धाराशिवच्या खो-खोचं वेगळेपण. दोन खांब, २७ बाय १६ मीटरचं मैदान, बाकी खर्च जवळजवळ नाही. तिथून निघालेल्या सारिका काळेने भारतीय संघाचं कर्णधारपद केलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तोवर त्या शहरात मुलींनी संध्याकाळी मैदानावर असणं ही सवयीची गोष्ट झाली होती. शेजारची जाते म्हटल्यावर आपलीला अडवायला कारण कमी पडतं.