पवित्र मूल्ये आणि राजकीय कल
पैसा, सोय वा अन्य लाभाच्या बदल्यात ज्या नैतिक मूल्यांवर पाणी सोडायला माणूस किंवा समूह तयार होत नाही, इतकेच नव्हे तर तसा विचार करणेही ज्याला गैर वाटते, त्या मूल्यांना राजकीय मानसशास्त्रात ‘पवित्र’ किंवा ‘संरक्षित’ मूल्ये म्हणतात. ती धार्मिकच असतात असे नाही. जंगल, वंशसमता, राष्ट्रध्वज, गर्भातील जीव, मायभूमी यांपैकी कशालाही हे स्थान मिळू शकते.

संकल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एक मत तिचे मूळ फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेमने १९१२ मध्ये मांडलेल्या ‘पवित्र’ आणि ‘लौकिक’ या भेदात पाहते. त्यानुसार पावित्र्य वस्तूत नसते. समाज तिच्याभोवती निषेध उभे करतो आणि ते मोडणारा समाजाचा अपराधी ठरतो. दुसरे मत जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरकडे बोट दाखवते. १९१९ च्या जानेवारीत म्यूनिकमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने परिणामांची पर्वा न करणारी श्रद्धेची नीती आणि परिणामांचा भार उचलणारी जबाबदारीची नीती यांत फरक केला होता. या मांडणीत तडजोडीला नकार देतो तो व्यक्तीचा विवेक. निषिद्ध सौदा, म्हणजे पवित्र मूल्याच्या बदल्यात पैशासारखा लाभ, नुसता ऐकणारा त्रयस्थही संतापतो, असे पुढील प्रयोगांत दिसले. ते पाहता द्यूरकेमची बाजू अधिक सबळ वाटते. आजच्या अर्थाने ही संकल्पना १९९७ च्या सुमारास रूढ झाली. त्या वर्षी ॲलन फिस्क व फिलिप टेटलॉक यांनी ‘निषिद्ध सौदे’ ही कल्पना मांडली, तर जोनाथन बॅरन व मार्क स्प्रान्का यांनी संरक्षित मूल्यांचे विवेचन केले.

टेटलॉक व सहकाऱ्यांच्या २००० मधील एका प्रयोगात रुग्णालयाच्या संचालकापुढे पेच ठेवला होता : दहा लाख डॉलर पाच वर्षांच्या मुलाच्या यकृतरोपणावर खर्च करायचे, की रुग्णालयाच्या इतर गरजांवर? संचालकाने मुलाला वाचवले, पण त्यासाठी बराच वेळ विचार केला, तर तेवढ्यावरूनही लोकांनी त्याला नावे ठेवली. दोन मुलांपैकी एकालाच वाचवता येणार असेल तेव्हा मात्र दीर्घ विचार करणारा संचालक त्यांना अधिक चांगला वाटला.

राजकीय कलाचा प्रश्न याच अभ्यासात पुढे येतो. उजव्या विचाराची माणसे तत्त्वावर अडून बसतात आणि डावी सौदा करतात (काहींच्या मते याच्या उलट), हा समज जुना आहे. प्रयोगांतले चित्र वेगळे होते. आगीच्या जोखमीची आकडेवारी वापरून विमा हप्ता ठरवायचा आणि तिचा संबंध वस्तीतील कृष्णवर्णीयांच्या प्रमाणाशी निघाला, की सर्वाधिक संतापत ते उदारमतवादी, म्हणजे डावीकडचे. येशूच्या चरित्रातील घटना वेगळ्या घडल्या असत्या तर, ही नुसती कल्पनाही कट्टर ख्रिस्ती सहभागींना असह्य होई. जेसी ग्रॅहम, जोनाथन हाइट व ब्रायन नोझेक यांनी २००९ मध्ये, एखादे गैर कृत्य करायला किती पैसे घ्याल, असे विचारले. ‘कितीही दिले तरी नाही’ हाही एक पर्याय होता. निष्ठा, अधिकार आणि शुचिता यांच्या बाबतीत परंपरावादी, म्हणजे उजवीकडचे, अधिक ठाम निघाले. हे निष्कर्ष प्रामुख्याने अमेरिकी असून ‘डावे-उजवे’ ही विभागणी अन्यत्र जशीच्या तशी लावता येत नाही. लिंडा स्किट्का व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील एकत्रित विश्लेषणानुसार नैतिक ठामपणाच्या एकूण प्रमाणात दोन्ही बाजूंत लक्षणीय फरक नाही; फरक मुद्द्यांनुसार पडतो. उपलब्ध पुराव्याशी हे मत सर्वांत जुळते.

बॅरन यांनी पुढे दाखवले, की हानीची शक्यता वा प्रमाण अगदी अल्प असल्याचे सांगितले तर ‘कदापि नाही’ म्हणणारे काही जण नरमतात. म्हणून काही नकार केवळ वक्तृत्वाचे असावेत. पण खऱ्या नकारापुढे पैसा उलट विष ठरतो. जेरेमी गिंजेस, स्कॉट अॅट्रन आदींनी इस्रायली वसाहतवासी आणि पॅलेस्टिनी निर्वासित व विद्यार्थी यांच्या पाहणीत (२००७) नोंदवले, की तडजोडीला आर्थिक आमिष जोडताच हिंसक विरोध वाढला. प्रतिपक्षाने स्वतःचे पवित्र मूल्य सोडण्याची तयारी दाखवली, त्यातून कोणाचा भौतिक फायदा होत नसला तरी, तर हा विरोध कमी झाला. शांतता वाटाघाटी करणाऱ्यांनी हा निष्कर्ष फार गांभीर्याने घ्यायला हवा.

भारतात गाय हे ठळक उदाहरण होय. केवळ राजकीय कलावरून मूल्य ओळखता येत नाही, हेही तिथे दिसते : हिंदुत्वाची मांडणी करणारे विनायक दामोदर सावरकर यांनी १९३० च्या दशकातील मराठी लेखनात गाईला उपयुक्त पशू मानले आणि तिच्या पूजेस विरोध केला. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये ठाकूर दास भार्गव यांनी गोरक्षणाची दुरुस्ती मांडली, तेव्हा भर शेती व पशुसंवर्धनाच्या गरजांवर होता; अनुच्छेद ४८ ची भाषाही तीच आहे. संयुक्त प्रांताचे सदस्य झेड. एच. लारी यांनी मात्र बहुसंख्याकांनी गोहत्येबाबतची आपली भूमिका स्पष्ट आणि निःसंदिग्ध शब्दांत सांगावी, अशी मागणी केली होती.