बॅटरसी वीजकेंद्राचा पुनर्विकास : पार्श्वभूमी

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर उभे असलेले बॅटरसी वीजकेंद्र 31 ऑक्टोबर 1983 रोजी पूर्णपणे बंद झाले आणि 14 ऑक्टोबर 2022 रोजी दुकाने, कार्यालये व सदनिकांसह लोकांसाठी खुले झाले. मधली 39 वर्षे ही वास्तू बहुतांश काळ रिकामीच होती. वारशाचा दर्जा असल्यामुळे ती पाडता येत नव्हती, आणि तिला सांभाळण्याइतके उत्पन्न त्या जागेतून निघेल असा हिशेब कोणत्याही मालकाला जुळवता येत नव्हता. या रखडण्याची कारणे समजून घ्यायची तर आधी वास्तूचा इतिहास पाहावा लागतो.

1920 च्या दशकात शहराच्या मध्यभागाजवळ कोळशावर चालणारे एवढे प्रचंड केंद्र उभारायला लंडनकरांचा कडाडून विरोध होता. धुराने हवा आणि जुन्या इमारती खराब होतील, शिवाय नदीकाठाची शोभा जाईल, असे आक्षेप घेतले गेले. लंडन पॉवर कंपनीने त्यावर दोन उपाय योजले. चिमणीतून बाहेर पडण्याआधी धूर पाण्याने धुऊन त्यातील गंधक कमी करण्याची यंत्रणा बसवण्यात आली, आणि बाह्यरूपाचे काम सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे सोपवण्यात आले. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे त्यांचे आजोबा. नातवाने विटांच्या विस्तीर्ण भिंतींना उभ्या रेषांची लय दिली आणि चिमण्यांना खोबणीदार स्तंभांचा घाट दिला. आतल्या नियंत्रण कक्षाच्या भिंतींना इटालियन संगमरवर लावला होता. कामगारांखेरीज कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या जागेसाठी घेतलेले हे कष्ट मला आजही थक्क करतात.

बाहेरून एकसंध दिसणारी ही वास्तू म्हणजे प्रत्यक्षात एकमेकांना जोडलेली दोन केंद्रे आहेत. ‘अ’ केंद्राचे बांधकाम 1929 मध्ये सुरू होऊन 1935 मध्ये संपले. ‘ब’ केंद्राचे काम युद्धामुळे लांबले आणि चौथी चिमणी उभी राहायला 1955 साल उजाडले. ‘अ’ केंद्र 1975 मध्ये बंद झाल्यामुळे चार चिमण्यांची ही जगप्रसिद्ध वास्तू पूर्ण रूपात चालली ती जेमतेम वीस वर्षे. त्या काळात केंद्रातील वाया जाणारी उष्णता थेम्सच्या तळाखालून नेलेल्या नळांवाटे पलीकडच्या पिम्लिको भागातील चर्चिल गार्डन्स वसाहतीला पुरवली जात असे, आणि तेथील घरांना गरम पाणी मिळे.

यंत्रे जुनी झाली, खाणींजवळच्या मोठ्या केंद्रांतून वीज स्वस्तात मिळू लागली, तेव्हा बॅटरसीचे दिवस भरले. ते पाडले जाण्याची शक्यता ओळखून 1980 मध्ये पर्यावरणमंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी त्याला द्वितीय श्रेणीच्या संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. मात्र या दर्जाने वास्तू पाडण्यास मनाई झाली, तरी तिच्या उपयोगाची आणि देखभालीच्या खर्चाची सोय झाली नाही.

1987 मध्ये ‘आल्टन टॉवर्स’ या मनोरंजन उद्यानाचे मालक जॉन ब्रूम यांनी ही जागा 15 लाख पौंडांना विकत घेतली. येथेही तसेच उद्यान उभारण्याचा त्यांचा विचार होता. अवजड यंत्रे बाहेर काढण्यासाठी छप्पर उतरवण्यात आले, खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला आणि 1989 मध्ये काम थांबले. छप्पर मात्र पुन्हा चढले नाही. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे पाऊस थेट आत पडत राहिला आणि पोलादी सांगाडा गंजत गेला. माझ्या मते या सगळ्या कथेतील सर्वांत महागडी चूक हीच. पुढचा निधी हाती नसताना संरक्षित वास्तूचे छप्पर काढू द्यायला नको होते.

1993 मध्ये जागा हाँगकाँगच्या ‘पार्कव्ह्यू’ समूहाकडे गेली. त्यांच्या आराखड्यांवर बरीच चर्चा झाली, पण प्रत्यक्ष बांधकाम फारसे झाले नाही. 2006 मध्ये त्यांनी ती 40 कोटी पौंडांना विकली. नवा आयरिश मालक आर्थिक मंदीत कर्जात बुडाला आणि 2011 मध्ये प्रकल्प दिवाळखोरी हाताळणाऱ्या प्रशासकांच्या ताब्यात गेला. जमिनीचा भाव चढत होता, वास्तू खचत होती. शिवाय नदी आणि व्हिक्टोरिया स्थानकाकडे जाणारे रेल्वेमार्ग यांच्या बेचक्यात अडकलेल्या या जागेला भुयारी रेल्वेचे स्थानक नव्हते. हजारो माणसे रोज ये-जा करणार नसतील, तर तेथे कार्यालय कोण थाटणार?

2012 मध्ये मलेशियातील कंपन्यांच्या गटाने पुन्हा 40 कोटी पौंड मोजून जागा घेतली आणि भुयारी रेल्वेचा ‘नॉर्दर्न लाइन’ हा मार्ग केनिंग्टनपासून बॅटरसीपर्यंत वाढवण्याच्या खर्चात मोठा वाटा उचलला. हा मार्ग 20 सप्टेंबर 2021 रोजी सुरू झाला. चिमण्यांच्या काँक्रीटमधील सळया गंजल्याने चारही चिमण्या उतरवून 2017 पर्यंत मूळ आराखड्याबरहुकूम नव्याने बांधण्यात आल्या. भिंतींच्या डागडुजीसाठी जुन्यांशी रंग व पोत जुळणाऱ्या विटा मुद्दाम घडवून घेतल्या. कार्यालयांचा मोठा भाग ‘ॲपल’ने भाड्याने घेतला.

या खर्चाचा भार परिसरातील सामान्य रहिवाशांवरही पडला. आराखड्यात परवडणाऱ्या दरातील 636 घरे होती. वाढता खर्च आणि घटता नफा यांचे कारण देत 2017 मध्ये विकासकांनी ही संख्या 386 वर आणण्याची परवानगी मागितली आणि वँड्सवर्थच्या स्थानिक परिषदेने ती दिली. वास्तू वाचवण्याची किंमत घरांमधून वसूल करण्याचा हा निर्णय बॅटरसीत आजही अनेकांना मान्य नाही, आणि तो आक्षेप मला रास्त वाटतो.