तेलाची चिंता आणि गूगलचा आलेख

अमेरिकी भूवैज्ञानिक एम. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये असे भाकीत केले होते की, अमेरिकेतील खनिज तेलाचे उत्पादन १९६५ ते १९७० च्या सुमारास कळस गाठेल आणि मग उतरणीला लागेल. १९७० मध्ये तसेच घडले. या कळसाला ‘पीक ऑइल’ म्हणतात. गूगलवर ही संज्ञा किती शोधली जाते हे ‘गूगल ट्रेंड्स’वर २००४ पासून पाहता येते, त्यामुळे तेल आटत चालल्याची जाणीव लोकांना कितपत आहे, हे तेथून ताडण्याचा मोह होतो.

आलेखात २००५ ते २००८ या काळात उंच सुळके दिसतात आणि पुढे रेषा घसरत जाते. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरवर पोहोचले होते. वर्षअखेरीस ते चाळीसच्याही खाली आले. या सहा महिन्यांत भूगर्भातील साठ्यांत नाव घेण्यासारखा बदल झाला नव्हता, बदलला होता तो भाव. पुढे शेल खडकांतील तेलामुळे अमेरिकेचे उत्पादन १९७० चा उच्चांकही ओलांडून गेले आणि हा विषयच मागे पडला.

घसरणीचे आणखी एक कारण मात्र मोजमापातच दडलेले आहे, आणि ते सहसा नजरेतून सुटते. ट्रेंड्स शोधांची संख्या देत नाही. त्या काळातील एकूण शोधांत त्या शब्दाचा वाटा किती हे पाहून, सर्वाधिक वाट्याला १०० मानून बाकीचे आकडे काढते. समजा, दहा लाख शोधांत शंभर जणांनी हा शब्द टाकला, आणि काही वर्षांनी एक कोटी शोधांतही शंभरच जणांनी टाकला, तर जिज्ञासूंची संख्या तेवढीच राहूनही आकडा १०० वरून १० वर येईल. इंटरनेट अभ्यासकांकडून सर्वसामान्यांकडे, पुढे क्रिकेट आणि सिनेमाकडे पसरत गेले, त्या वर्षांत हे घडणे अगदी स्वाभाविक होते.

शोधांवरून फ्लूची साथ ओळखू पाहणाऱ्या ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’ने २०१२-१३ च्या हंगामात रुग्णांचे प्रमाण फारच फुगवून सांगितले होते, आणि त्याचे एक कारण असे मानले जाते की, आजाराच्या बातम्या वाचून निरोगी माणसेही शोध घेतात. तेलाच्या बाबतीत म्हणूनच आलेखाशेजारी कच्च्या तेलाचे मासिक भाव मांडून, भाव स्थिर असतानाही शोध वाढलेले महिने वेगळे काढणे अधिक उपयोगाचे ठरते.