दोन मिलिमीटरच्या दाढीमागे

पाच-सात दिवसांचे खुंट घेऊन एखादा तरुण आज कचेरीत आला, तर कोणी मान वर करून बघत नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वी त्याच चेहऱ्याला पहिला प्रश्न असायचा, "काय रे, बरं नाही का?" विचारणारा वयस्कर असेल तर आवाज खाली घेऊन, "घरी सगळं ठीक आहे ना?" या प्रश्नाला कारण होतं. आपल्याकडे सुतकात दाढी करत नाहीत, दहाव्याला क्षौर होतं. त्यामुळे वाढलेले खुंट म्हणजे घरातलं माणूस गेल्याची खूण. श्रावण पाळणारे महिनाभर वस्तरा लावत नाहीत, तेव्हा तेच खुंट व्रताचे. बाकीच्या वेळी ते आजारपणाचे, नाहीतर हलाखीचे. सिनेमातल्या नायकाचा प्रेमभंग झाला हे सांगायलाही दिग्दर्शकाला संवाद लागत नसे, गालावरचे खुंट पुरत.

दुःखाशी असलेलं हे नातं फक्त आपलं नाही. रोमन लोक गुळगुळीत दाढी करणारे. सेनापती धाकटा स्किपिओ हा रोज दाढी करणारा पहिला रोमन, असं रोमन लेखक प्लिनी लिहून ठेवतो. त्याच रोमच्या ऑगस्टस सम्राटाने इसवी सन 9 मध्ये जर्मनीच्या जंगलात आपल्या तीन पलटणी कापल्या गेल्याचं ऐकलं आणि पुढे कित्येक महिने केस-दाढीला हात लावू दिला नाही, असं त्याचा चरित्रकार स्विटोनियस सांगतो. सम्राटाचं दुःख लोकांना गालावर दिसत होतं.

आपल्या परंपरेत पहिली दाढी हा संस्कारच होता. सोळा संस्कारांमधला केशान्त म्हणजे मुलाच्या दाढीला पहिल्यांदा लागणारा वस्तरा. मनुस्मृतीत त्याची वयंही दिली आहेत: ब्राह्मणाला सोळावं वर्ष, क्षत्रियाला बाविसावं, वैश्याला चोविसावं. पुढे गावगाड्यात हे काम बलुतेदार न्हाव्याकडे आलं. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, आरसा, वाटी. संत सेना महाराजांनी याच हत्यारांमध्ये परमार्थ पाहिला. त्यांच्या अभंगातला आरसा विवेकाचा आणि चिमटा वैराग्याचा आहे.

दाढीचा इतिहास सांगताना माणसं मिश्यांच्या पिळावर आणि राजांच्या दाढ्यांवर थांबतात. मला वाटतं, खरी गोष्ट हत्यारात आहे. वस्तऱ्याला गाल साफ करता येतो, कात्रीला वाढलेली दाढी कातरता येते. पण गालभर सारखी एक-दोन मिलिमीटर दाढी ठेवायची, तर या दोन्ही हत्यारांनी ते जमत नाही. बलुत्यावर चालणाऱ्या गावात कोणी रोज दाढी करत नसे, म्हणजे बहुतेक पुरुषांच्या गालावर बहुतेक दिवस खुंट असणारच. तरी ते कोणी ‘ठेवलेले’ नव्हते. चित्रांतही ते उतरले नाहीत. शिवाजी महाराजांच्या परिचित चित्रांत नीट राखलेली टोकदार दाढी दिसते, पेशव्यांच्या चित्रांत साफ हनुवटी. मधली अवस्था रंगवावी असं चित्रकाराला वाटलं नाही आणि ती रंगवून घ्यावी असं कोणाला वाटायचं कारणही नव्हतं.

मग आला पातं बदलता येणारा जिलेटचा रेझर. 1903 साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे जेमतेम 51 रेझर आणि 168 पाती खपली. पंधरा वर्षांत चित्र पालटलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे 35 लाख रेझर घेतले. दाढी असली की विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसत नाही. घरी परतलेल्या सैनिकांनी रोज स्वतःच्या हाताने दाढी करायची सवय बरोबर आणली.

रोजची दाढी हा शिष्टाचार झाला आणि तिथेच खुंट हा दोष ठरला. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या जेम ब्लेडच्या जाहिरातींनी ‘पाच वाजताची सावली’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसवला. सकाळी केलेली दाढी संध्याकाळी पाचला पुन्हा काळी दिसते, हे त्यांनी काळजीचं कारण करून टाकलं. त्याची सर्वांत मोठी किंमत बहुधा अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार रिचर्ड निक्सनने मोजली. 26 सप्टेंबर 1960ला प्रतिस्पर्धी केनेडीबरोबरचा पहिला वादविवाद टीव्हीवर झाला. निक्सन नुकताच आजारातून उठलेला, आणि मुळात दाढी गडद. खुंट झाकायला पावडर लावली होती, ती दिव्यांच्या उष्णतेत घामाने ओघळली. त्या रात्रीच्या निक्सनचा थकलेला, काळवंडलेला चेहरा अजून आठवला जातो, त्याचे मुद्दे मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत.

पारडं फिरलं ते 1984 मध्ये. ‘मायामी व्हाइस’ या अमेरिकी टीव्ही मालिकेत डॉन जॉन्सन हा नट महागडा सूट आणि दोन दिवसांची दाढी अशा वेशात आला. त्याच सुमारास गायक जॉर्ज मायकेलचेही खुंट गाजले. बाकी सगळं टापटीप आणि दाढी तेवढी वाढलेली, या जोडीमुळे खुंटांचा अर्थ बदलला. परवडत नाही म्हणून, दुःखात आहे म्हणून नव्हे, तर मला आवडते म्हणून. केस कापायच्या यंत्रांसाठी जुन्या असलेल्या वॉल कंपनीने 1986 मध्ये खास खुंट राखण्यासाठीचं यंत्र बाजारात आणलं. वस्तऱ्याला न जमणारी गोष्ट आता यंत्राला जमू लागली. ट्रिमरमध्ये दातेरी पात्यांपैकी एक स्थिर असतं, दुसरं त्यावर सरकत राहतं, आणि वर बसवलेली प्लॅस्टिकची फणी त्यांना त्वचेपासून ठरावीक अंतरावर धरते. ते अंतर म्हणजेच दाढीची लांबी. दाढी दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढते, म्हणजे तिसऱ्या दिवशी एक मिलिमीटरच्या आसपास. म्हणून खुंट राखणाऱ्याला दर दोन-तीन दिवसांनी यंत्र फिरवावंच लागतं. हा आळशाचा शौक नाही.

आपल्याकडे हा बदल पटकन मान्य झाला नाही. 2009च्या सुमारास जिलेटने भारतात बायकांना पुढे करून ‘आळशी’ खुंटांविरुद्ध मोहीमच काढली होती. पाती विकणाऱ्याला खुंटांची एवढी धास्ती वाटावी, यातच खुंट किती पसरले होते ते दिसतं. पुढे 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डिक्सन आणि ब्रूक्स या संशोधकांचा अभ्यास आला. त्यांनी 351 स्त्रियांना त्याच त्या पुरुषांचे फोटो दाखवले: साफ दाढी, पाच दिवसांचे खुंट, दहा दिवसांचे खुंट आणि पूर्ण दाढी. सर्वांत आकर्षक ठरले ते दहा दिवसांचे.

एक समज मात्र अजून जात नाही. मिसरूड फुटलेल्या पोराला आजही सांगतात, "वस्तरा लाव, दाट येईल." मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्येच तपासून सांगितलं होतं की वस्तऱ्याने केसांची वाढ बदलत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट होतं, म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढंच. गालावर विरळ दाढी असलेल्या पोरांना हे कोणीतरी प्रेमाने सांगायला हवं. उगाच वर्षानुवर्षं कातडी सोलत बसतात.

आता आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये वस्तरा निघतो तो बहुतेक कडेच्या कामापुरता. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं, "दादा, अशी सेट कर." कारागीर फणी बदलतो, आधी गालावर मोठी, मग कानाखाली लहान, म्हणजे दाढी केसांत विरत जाते. मग कंठमण्याच्या वर दोन बोटं ठेवून रेघ धरतो आणि तिच्याखालचं सगळं नव्या पात्याने साफ करतो. शेवटी ओली तुरटी फिरते, पण फक्त गळ्यावर. गालाला तो नुसता तळहात लावून बघतो, दोन्ही बाजू सारख्या लागतात का.