कूर्चेला रक्त नाही, म्हणून तिला हालचाल हवी

एमआरआयच्या रिपोर्टात गुडघ्याच्या कूर्चेला इजा झाल्याचं लिहून आलं की घरचे म्हणतात, "आता पाय हलवूच नकोस." सांगण्यात माया असते, पण कूर्चेला नेमकं हेच सोसत नाही.

मांडीच्या आणि नडगीच्या हाडाच्या टोकांवर आणि गुडघ्याच्या वाटीमागे जो गुळगुळीत, पांढरट थर असतो, ती ही कूर्चा. बहुतेक ठिकाणी ती जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड असते, वाटीमागे थोडी जास्त. तिच्या वजनाचा बराच मोठा भाग पाण्याचा असतो आणि त्यात पेशी अगदी विरळ विखुरलेल्या असतात. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. पाय टेकला की कूर्चा दाबली जाऊन द्रव बाहेर जातो, पाय उचलला की परत आत शोषला जातो. ओला स्पंज दाबून सोडावा तसं. पाय महिनोन्‌महिने प्लॅस्टरमध्ये राहिला तर ही ये-जा मंदावते आणि चांगली कूर्चाही पातळ, मऊ पडू लागते.

रक्तच नसल्यामुळे जखम भरून येण्याची नेहमीची वाट इथे बंद असते. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनमध्ये नोंदवून ठेवलं होतं की नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. पुढे टोरोंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांच्या गुडघ्यातल्या कूर्चेला बारीक छिद्रं पाडली. काही सशांचे पाय प्लॅस्टरमध्ये ठेवले, काहींना पिंजऱ्यात मोकळं सोडलं आणि काहींचे गुडघे यंत्राने संथपणे, सतत हलवत ठेवले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्वांत चांगली भरून आलेली छिद्रं यंत्रावरच्या सशांची होती. सशाचं सगळंच माणसाला लागू होत नाही हे खरं, पण सांध्याच्या उपचारांकडे पाहण्याची दृष्टी या कामाने बदलली.

फिजिओथेरपिस्टची पहिली लढाई मात्र कूर्चेशी नसते, सुजेशी असते. गुडघ्यात पाणी झालं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारे आदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच दबले जातात. २०-३० मिलिलिटर पाणीही त्यासाठी पुरेसं असतं. मग रुग्ण कितीही जिद्दीचा असो, तो स्नायू नीट आवळलाच जात नाही. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा व्यायाम अगदी साधा वाटतो आणि अनेकजण कंटाळून सोडून देतात. तसं करू नये. झोपी गेलेल्या स्नायूला जागं करण्याचं काम तोच करतो, आणि हा स्नायू कमजोर राहिला तर चालताना बसणारे धक्के सांध्यालाच सोसावे लागतात.

पुढचे व्यायाम इजा कुठे आहे त्यावर ठरतात. शेजाऱ्याचा तक्ता आपल्याला चालत नाही तो यामुळेच. वाटीमागे इजा असेल तर सपाट रस्त्यावर चालणं सहसा जमतं, पण जिना उतरताना, उकिडवं बसताना दुखतं. कारण गुडघा जितका वाकवून भार द्यावा, तितका वाटीवरचा दाब वाढतो. अशा वेळी अर्धवट बैठका, थोडंच वाकून, सुरू करतात. मांडीच्या हाडाच्या भार घेणाऱ्या गोलाईवर शस्त्रक्रिया झाली असेल, तर बहुधा काही आठवडे कुबड्या लागतात. त्या काळातही गुडघा वाकवणं-सरळ करणं चालू असतं, फक्त अंगाचा भार कमी ठेवतात. उंच सीटची स्थिर सायकल आणि छातीभर पाण्यात चालणं यांचा तेव्हा फार उपयोग होतो.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नये. दुखणं २४ तासांत पूर्वीच्या पातळीवर आलं आणि सूज वाढली नाही, तर मात्रा बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी गुडघा फुगला तर व्यायाम थांबवण्याऐवजी एक पायरी मागे यावं. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल तर मात्र व्यायामाने सोडवत बसू नये. आत कूर्चेचा सुटा तुकडा अडकलेला असू शकतो, आणि तो अस्थिरोगतज्ज्ञाने लगेच पाहायला हवा.