समेची वाट

डिसेंबर लागला की कपाटातली जाड शाल बाहेर काढायची, ती पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवासाठी. गेली कित्येक वर्षं माझं हे असंच चाललं आहे. सीझन तिकीट काढायचं, दुपारी लवकर जाऊन भारतीय बैठकीत पाठ टेकायला खांब मिळतो का बघायचं आणि पुढचे काही दिवस घरच्यांनी आपल्याला गृहीत धरायचं नाही. घरी उत्तम ध्वनिमुद्रणं आहेत, चांगले स्पीकर आहेत. तरीही तिथे जाऊन थंडीत का बसायचं, हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. त्याचं माझं उत्तर असं की आम्ही तिथे वाट बघायला जातो. या वाट बघण्यामागे पदार्थविज्ञान आहे आणि मेंदूविज्ञानही.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ते १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात हा महोत्सव सुरू केला. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्यांचंही नाव महोत्सवाला जोडलं गेलं. रमणबागेच्या मैदानावर वाढलेली आमची पिढी आता मुकुंदनगरला जाते.

पहिली वाट तंबोऱ्याची. कलाकार स्थानापन्न होतात आणि मग पाच-दहा मिनिटं नुसतं जुळवणं चालतं. नवखा माणूस मोबाइल काढतो. मला मात्र ही मिनिटं मैफलीइतकीच प्रिय आहेत. तंबोरे आतल्या खोलीत लावून आणलेले असतात, मग मंचावर पुन्हा का लावायचे? कारण आत उबारा असतो आणि बाहेर मंडपात गारवा. तार गार झाली की आकसते, तिचा ताण वाढतो आणि सूर चढतो. लाकूड मात्र लांबीच्या दिशेनं तारेइतकं आकसत नाही. मी एकदा कागदावर ढोबळ हिशेब मांडला. काळी एकच्या आसपास षड्ज (सा) असलेल्या पुरुषी तंबोऱ्यात जोडीच्या, म्हणजे एकाच षड्जावर लावलेल्या मधल्या दोन, पोलादी तारा तापमान १० अंशांनी उतरल्यावर साधारण दीड टक्क्यानं चढतात. सर्वांत लहान श्रुती (सुरांमधलं सूक्ष्म अंतर) सव्वा टक्क्याची, म्हणजे हा फरक एका श्रुतीहून मोठा. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, पितळी तार तर याच्या तिपटीहून जास्त हलते. ती मुळात सैल असते, त्यामुळे ताणातला तेवढाच बदल तिला फार जाणवतो. खर्जाचा मणी (सूर बारकाईनं जुळवायला तारेत ओवलेला) सरकवायला कलाकार इतका वेळ का घेतात, हे त्या दिवशी मला कळलं.

जोडीच्या दोन तारा जुळताना कान देऊन ऐका. एक सेकंदाला १३८ वेळा आणि दुसरी १३९ वेळा कंप पावत असेल, तर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. ही लहर मंदावत मंदावत थांबते तेव्हा दोन तारांची एक झालेली असते. शिष्य खुंटी पिळतो, मग मणी सरकवतो, आणि त्याचं लक्ष असतं ते या लहरीवर.

मग येते जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या सुरातला गुंजणारा झंकार. तारा जिच्यावर टेकतात ती तंबोऱ्याची घोडी सपाट-गोलसर असते आणि तिच्यावर तारेखाली सुताचा दोरा असतो. तार कंप पावताना त्या वळणाला पुन्हा पुन्हा चाटून जाते. साध्या तारेचा नियम असा की जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ सुराच्या पटीत उमटणाऱ्या वरच्या सुरांचा) स्थिरबिंदू असेल, ते उपस्वर उमटत नाहीत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिलेल्या निबंधात दाखवलं की हा नियम इथे मोडतो. जे उपस्वर गप्प राहायला हवेत तेही घोडीच्या त्या वळणामुळे बोलू लागतात. म्हणूनच दोरा नेमक्या जागी आला की चार तारांतून सुरांचा झोत निघाल्यासारखा वाटतो. खर्जाच्या तारेतून न लावलेला गंधार ऐकू येतो. तो भास नसतो, तो त्या तारेचा पाचवा उपस्वर असतो. मिरजेच्या कारागिरांनी ही जवारी पिढ्यानपिढ्या हातानं घासून आणि कानानं तपासून साधली आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातल्या माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं.

दुसरी वाट आवाजाची, आणि ती फार थोडी. डिसेंबरच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून ६० मीटरवर बसलं तर तबल्यावर पडलेली थाप दिसते आधी आणि ऐकू येते १७० हून अधिक मिलिसेकंदांनी. द्रुत लयीत मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, पाव सेकंदाची असेल, तर मागच्या रांगांसाठी हा अर्ध्याहून अधिक मात्रेचा उशीर झाला. म्हणून मधल्या स्पीकरना आवाज मुद्दाम उशिरा देतात, म्हणजे मंचावरून हवेतून येणारा आवाज आणि स्पीकरचा आवाज जवळजवळ एकदम पोचतात. कान या दोघांचा एकच आवाज करतो आणि जो क्षणभर आधी आला त्याच्या दिशेला तो मानतो. हेल्मुट हास यांनी हे १९४९ मध्ये मोजून दाखवलं. शेजारचा स्पीकर बोलत असूनही गळा मंचावरच आहे असं वाटतं, ते यामुळे. समेवरची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरची, दादही पुढून मागे सरकत जाते. खांबाला टेकून डोळे मिटले की ती आपल्या अंगावरून जाताना कळते.

आता तिसरी वाट, समेची. खरं तर याच वाटेसाठी मी जातो.

विलंबित एकतालाचं, म्हणजे संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालाचं, एक आवर्तन पाऊण मिनिट किंवा त्याहूनही जास्त चालतं. गायक बाराव्या मात्रेपर्यंत आपल्याला कुठल्या कुठे फिरवून आणतो. मुखडा, म्हणजे समेवर नेणारी बंदिशीची ओळ, उचलल्याची चाहूल लागते, आणि हजारो माणसं श्वास धरतात. २०११ मध्ये मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी संगीतानं अंगावर शहारा येणाऱ्या माणसांचे मेंदू तपासले. शहाऱ्याच्या क्षणी न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स या भागात डोपामाइन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवलं. पण त्याच्या आधीच्या काही सेकंदांत, नुसत्या अपेक्षेच्या काळात, कॉडेट या दुसऱ्याच भागात ते स्रवत होतं. वाट बघण्याला मेंदूत स्वतंत्र जागा आहे! त्या प्रयोगात ख्यालगायन नव्हतं, हे खरं. तरीही समेइतकी स्पष्ट आखलेली अपेक्षा मला दुसऱ्या कुठल्या संगीतात सहसा सापडलेली नाही, म्हणून ते निष्कर्ष वाचताना मला मुखडाच आठवला.

आणि एकट्यानं वाट बघणं वेगळं, हजारोंनी बघणं वेगळं. बर्लिनमध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफलींत श्रोत्यांच्या अंगावर संवेदक लावून केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसांच्या हृदयाची गती, श्वासाची गती आणि त्वचेची विद्युतवाहकता एकमेकांशी जुळत गेल्याचं त्यात दिसलं. तिथे तर लोक हालचाल न करता गप्प बसतात. आमच्याकडे मांडीवर ताल धरलेला असतो, शेजारचे अनोळखी काका समेवर आपल्याकडे वळून मान हलवतात. असा अभ्यास कुणीतरी सवाईच्या मंडपात करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एक खंत आहे. पूर्वी महोत्सव रात्रभर चाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद, आणि वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. नियम योग्यच आहे. डिसेंबरच्या निरभ्र रात्री जमीन लवकर निवते आणि वरची हवा तिच्यापेक्षा उबदार राहते. उबदार हवेत ध्वनी वेगानं जातो, त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो आणि दूरच्या घरांतही शिरतो. तिथे कुणी आजारी असतं, कुणाची परीक्षा असते. पण उत्तररात्रीचे राग ऐकून पहाटेच्या ललतापर्यंत एका बैठकीत पोचणं त्याबरोबर गेलं.

सांगता होते ती सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेनं. मंचावर गाणारं कुणी नसतं. सम कुठे येणार हे बहुतेकांना तोंडपाठ असतं. शाली घड्या घालून हातात घेतलेले लोक तसेच थांबतात, आणि ती सम आली की सगळ्या माना एकदम हलतात.