पंधरवड्याची भेट आणि गाईचा माज

दोन एकर सोयाबीन आणि दावणीला दोन दुभती जनावरं असलेल्या घराला सल्ल्यासाठी आजही दोन दारी जावं लागतं. पिकासाठी सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), जनावरासाठी पशुवैद्यकीय दवाखाना. घर एकच, शेणखत आणि कडबाही एकाच हिशेबातला, तरी सरकारी व्यवस्थेत ही दोन खाती वेगळी राहिली.

सुरुवात अशी नव्हती. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, वर्षभरात राष्ट्रीय विस्तार सेवा आली, आणि गावपातळीवरच्या एकाच कार्यकर्त्याकडे शेती, जनावरं, आरोग्य, शाळा सगळंच सोपवलं गेलं. कल्पना चांगली होती. पण खताचं वाटप, बचतीची उद्दिष्टं आणि वेगवेगळे अहवाल यांतून बांधावर जायला त्याला वेळच उरेना.

1956 मध्ये पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न आकाशवाणी केंद्राकडे पाठवायचे. गावाचं म्हणणं वर पोचवण्याची ही सोय पुढच्या कितीतरी योजनांत हरवली, ही खरी खंत आहे.

एकावर सगळा भार टाकण्यावरचा उतारा म्हणून कृषी विस्तारतज्ज्ञ डॅनियल बेनॉर यांनी मांडलेली आणि जागतिक बँकेने उचलून धरलेली ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत आली. 1980 च्या दशकात ती महाराष्ट्रातही रुजली. कार्यकर्त्याने फक्त सल्ला द्यायचा, खतं-बियाणं वाटायची नाहीत. ठरलेल्या वारी, पंधरा दिवसांतून एकदा, ठरावीक संपर्क शेतकऱ्यांकडे जायचं आणि मधल्या दिवसांत विषयतज्ज्ञांकडून पुढच्या पंधरवड्याचे मुद्दे शिकून यायचं. यातून शिस्त आली. पण संपर्क शेतकरी म्हणून बरेचदा गावातले सधन लोकच निवडले गेले, आणि त्यांच्याकडून सल्ला लहान खातेदारापर्यंत आपोआप झिरपेल हा हिशेब चुकला.

जनावरांना तर हे वेळापत्रक चालणारच नव्हतं. गाईचा माज, म्हणजे ती फळायला तयार असण्याचा काळ, साधारण 12 ते 18 तास टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करायचं. वेळ चुकली की पुढचा माज 21 दिवसांनी, आणि तेवढे दिवस चारा फुकट. म्हणूनच 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला उभ्या केलेल्या बाएफ या संस्थेने दवाखान्याची वाट न पाहता गोठ्यात जाऊन रेतन करण्यावर भर दिला. गोठीत रेतमात्रा (गोठवलेलं वीर्य) बारीक नळीत, म्हणजे कांडीत भरून उणे 196 अंशांच्या द्रवरूप नत्रात (नायट्रोजनमध्ये) असते. कांडी 37 अंशांच्या कोमट पाण्यात 30 सेकंद ठेवून वितळवतात. पात्रातलं नत्र आटलं, कांडी जास्त वेळ पात्राच्या तोंडाशी वर धरली किंवा पाण्याऐवजी हातानेच चोळून वितळवली, तर शुक्राणू मरतात आणि ‘गाय उलटते’ (गाभण राहत नाही) म्हणून दोष मात्र गाईला लागतो.

1 जुलै 1998 ला ‘एक खिडकी’ आली. कृषी, फलोत्पादन आणि मृदसंधारण एका छताखाली आले, पशुसंवर्धन बाहेरच राहिलं. त्याच सुमारास प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेल्या ‘आत्मा’ने (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेने) जिल्हा पातळीवर पीक, पशू आणि मत्स्य विभागांना एका टेबलाशी बसवलं. हे पाऊल योग्य होतं, पण गावात फिरणारी माणसं आपापल्या खात्याचीच राहिली.

पिकाच्या बाजूने मोठा बदल घडवला तो 2008 मध्ये सोयाबीनवर पडलेल्या पाने खाणाऱ्या अळीने. तिच्या नुकसानीनंतर 2009 पासून क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांत किडींची मोजणी करायची, आर्थिक नुकसानीची पातळी (फवारणीचा खर्च परवडेल इतकी कीड) गाठली तरच फवारणीचा सल्ला द्यायचा. उदाहरणार्थ कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन दिवस रोज आठ पतंग ही ती पातळी. इथे सल्ला कॅलेंडरवरून ठरत नाही, शेतातल्या मोजणीवरून ठरतो.

गोठ्यातली मोजणी मात्र अजून पशुपालकाच्या डोळ्यांवरच आहे. म्हशीत मुका माज असतो, म्हणजे ती फारशी ओरडत नाही. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी शेपटीखाली काचेसारखा सोट (चिकट स्राव) दिसतो का ते पाहायचं, आणि दिसताच रेतन करणाऱ्याला फोन करायचा.